प्रोटेक्शन व्हिसा नाकारला, आता कोर्टात जायचं का? ऑस्ट्रेलियातल्या अपिलांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मेलबर्नमध्ये राहते. आश्रय मागणाऱ्या लोकांचे कागद लावून देणं, सुनावणीला त्यांच्यासोबत जाणं, कोर्टाबाहेरच्या बाकावर शेजारी बसणं, एवढंच काम मी स्वयंसेवक म्हणून करते. मी वकील नाही आणि कायदेशीर सल्ला देण्याचा परवाना मला नाही. पण तेच तेच प्रश्न इतक्या वेळा कानावर येतात, आणि चुकीच्या उत्तरांपायी लोकांचं इतकं नुकसान होताना दिसतं, की हे मराठीत एकदा नीट लिहून ठेवावंसं वाटलं. तुमच्या प्रकरणाचा निर्णय मात्र वकिलाला विचारूनच घ्या.

प्रोटेक्शन व्हिसा म्हणजे काय? तो नाकारतं कोण?

मायदेशी परत गेल्यास छळ होईल अशी साधार भीती असलेल्या माणसाला ऑस्ट्रेलियात राहण्यासाठी मिळणारा हा व्हिसा. कायदेशीर व्हिसावर आलेल्यांसाठी तो सबक्लास ८६६ म्हणून ओळखला जातो आणि मिळाला तर कायमचा असतो. छळाचं कारण वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटातलं सदस्यत्व यांपैकी एक असावं लागतं. यात न बसणाऱ्या पण परत गेल्यास ठार मारलं जाण्याचा किंवा अमानुष वागणुकीचा खरा धोका असलेल्या माणसांसाठी २०१२ पासून ‘पूरक संरक्षण’ अशी दुसरी वाट आहे.

अर्जावर पहिला निर्णय गृह खात्याचा अधिकारी घेतो. सगळा कारभार चालतो १९५८ च्या मायग्रेशन ॲक्टखाली.

भारतात वाढलेल्या माणसाला ही रचना अनोळखी वाटते, त्याला कारण आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचं उल्हासनगर आपल्याला माहीत असतं, पण १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही, त्यामुळे असा अर्ज, असा व्हिसा, अशी अपिलं आपल्याकडे नाहीतच. ऑस्ट्रेलिया त्या करारात जानेवारी १९५४ मध्ये सामील झाला आणि त्याच्या सामील होण्यानेच करार अमलात येण्यासाठी लागणारी सहा देशांची संख्या पूर्ण झाली.

खात्याने नाकारलं की थेट कोर्टात जाता येतं का?

नाही. आधी ट्रायब्यूनल, म्हणजे खात्याचा निर्णय पुन्हा तपासणारं न्यायाधिकरण. १४ ऑक्टोबर २०२४ पासून त्याचं नाव ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्यूनल, म्हणजे एआरटी. त्याआधी हेच काम एएटी (ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रायब्यूनल) करत असे, त्यामुळे जुन्या कागदांवर आणि लोकांच्या तोंडी अजून तेच नाव असतं. खात्याचा नकार कळवला गेल्यापासून २८ दिवसांत तिथे अर्ज करावा लागतो; इमिग्रेशनच्या कोठडीत असलेल्याला त्याहून खूपच कमी दिवस मिळतात. ही मुदत वाढवण्याचा अधिकार ट्रायब्यूनलला नाही. एक दिवस उशीर झाला तरी दार बंद होतं, आणि ट्रायब्यूनलची पायरी गाळून आलेल्या माणसाचं प्रकरण कोर्ट ऐकत नाही.

अर्ज करताना ट्रायब्यूनलला काही भरावं लागत नाही. हरल्यास फी भरावी लागते.

ट्रायब्यूनल आणि कोर्ट, दोन्हीकडे अपीलच ना? फरक काय?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

ट्रायब्यूनल विचारतं: या माणसाला खरोखर धोका आहे का? तिथला सदस्य, म्हणजे निर्णय घेणारी व्यक्ती, सगळं प्रकरण पहिल्यापासून पाहतो, तुमची गोष्ट तुमच्या तोंडून ऐकतो, पुरावे पाहतो आणि खात्याचा निर्णय बदलू शकतो.

कोर्ट हा प्रश्न विचारतच नाही. कोर्ट विचारतं: ट्रायब्यूनलने हा निर्णय कायद्याने घेतला का? निर्णय चुकीचा वाटतो, कठोर वाटतो, दुसऱ्या सदस्याने वेगळा घेतला असता, यातलं काहीही कोर्टाला पुरत नाही. वकिली भाषेत या कामाला ज्युडिशियल रिव्ह्यू म्हणतात. मुंबई उच्च न्यायालयात कलम २२६ खाली रिट याचिका दाखल होते ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लवकर कळेल: न्यायाधीश अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसत नाहीत, अधिकारी त्याच्या अधिकाराच्या हद्दीत राहिला का एवढंच तपासतात.

हा फरक न कळल्यामुळे माणसं कोर्टात उभी राहून आपली कहाणी सांगू लागतात. गावात काय झालं, कोणी मारलं, बहिणीला काय सहन करावं लागलं. न्यायाधीश ऐकून घेतात आणि मग शांतपणे सांगतात की हे ठरवणं माझ्या हातात नाही. त्या क्षणी समोरच्या माणसाचा चेहरा उतरतो तो पाहवत नाही. आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट अनोळखी लोकांसमोर बोलायची आणि कळायचं की ही जागाच ती नव्हती. म्हणून सांगते, तुमची गोष्ट पूर्ण सांगण्याची शेवटची खरी जागा ट्रायब्यूनल आहे. सगळी ताकद तिथे लावा.

मग कोर्ट कोणती चूक धरतं?

ज्या चुकीमुळे निर्णय कायद्याच्या दृष्टीने निर्णयच राहत नाही अशी चूक. तिला इथे ज्युरिसडिक्शनल एरर म्हणतात. मराठीत अधिकारमर्यादेची चूक म्हणू. २००१ मध्ये संसदेने कायद्यात असं कलम घातलं की व्हिसाचे निर्णय जवळपास कोर्टाच्या हाताबाहेर जावेत. २००३ मध्ये हायकोर्टाने ‘प्लेंटिफ एस१५७’ खटल्यात सांगितलं की अशी चूक असलेल्या निर्णयाला ते कलम वाचवू शकत नाही, कारण सरकारी अधिकाऱ्याला कायद्याच्या चौकटीत ठेवण्याचा कोर्टाचा अधिकार राज्यघटनेतच आहे. (ऑस्ट्रेलियात हायकोर्ट म्हणजे कॅनबेरातलं देशाचं सर्वोच्च न्यायालय. आपल्या हायकोर्टाशी गल्लत करू नका.) आज प्रत्येक आश्रयार्थी कोर्टाचं दार ठोठावू शकतो तो या निकालाच्या जोरावर.

चुकीचे प्रकार बरेच आहेत. प्रत्यक्ष खटल्यांवरून ते जास्त नीट समजतात.

पहिला, बाजू मांडण्याची खरी संधी न देणं. एक इराणी खलाशी जहाज सोडून ऑस्ट्रेलियात राहिला. त्याच्या हकिकतीतले काही भाग ट्रायब्यूनलला पटले नाहीत. पण खात्याने त्या भागांवर शंका घेतली नव्हती आणि ट्रायब्यूनलनेही सुनावणीत त्याला कधी सुचवलं नाही की आम्हाला हे खरं वाटत नाही. २००६ मध्ये हायकोर्टाने तो निर्णय टिकू दिला नाही. ज्या मुद्द्यावर माणूस हरणार आहे तो मुद्दा त्याला आधी कळला पाहिजे.

दुसरा, चुकीचा प्रश्न विचारणं. बांगलादेशातल्या दोन पुरुषांनी आश्रय मागितला होता. ते जोडीदार म्हणून राहत होते. ट्रायब्यूनलचं म्हणणं पडलं की ते तिथे गुपचूप राहत होते, पुढेही तसेच राहतील, म्हणजे धोका नाही. २००३ मध्ये हायकोर्टाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने हे अमान्य केलं. ते गुपचूप का राहतात, छळाच्या भीतीने का, हा प्रश्न ट्रायब्यूनलने विचारायलाच हवा होता. माझ्या मते या देशातल्या निर्वासित कायद्यातला हा सर्वांत माणुसकीचा निकाल आहे.

तिसरा, धोक्याचं माप चुकवणं. छळ होण्याची शक्यता पन्नास टक्क्यांहून जास्त असल्याचं सिद्ध करावं लागत नाही. १९८९ च्या चान खटल्यापासून ‘खरी शक्यता’ हे माप आहे, आणि त्यात एका न्यायमूर्तींनी दहा टक्के शक्यताही पुरेशी ठरू शकते असं म्हटलं आहे. निर्णयात याहून जड माप लावलं गेलं असेल तर ती कायद्याची चूक.

याशिवाय: तुम्ही स्पष्ट मांडलेला एखादा मुद्दा निर्णयात विचारातच न घेणं, सदस्याचा पूर्वग्रह, कोणताही समंजस माणूस घेणार नाही असा निर्णय, आणि दुभाष्याच्या गंभीर चुका.

दुभाष्याबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण तो आपल्या भाषेचा प्रश्न आहे. ट्रायब्यूनल दुभाषी फुकट देतं. मराठी दुभाषी लगेच मिळत नाही म्हणून ‘हिंदी चालेल का’ असं विचारलं जातं आणि आपण भिडेपोटी ‘चालेल’ म्हणून मोकळे होतो. भीड बाळगू नका. समजा, ‘भावकीतल्या लोकांनी मला मारलं’ असं तुम्ही म्हणालात आणि इंग्रजीत ते ‘माझ्या भावांनी मला मारलं’ असं गेलं. तुमच्या अर्जात तर लिहिलं आहे की तुम्हाला भाऊ नाही. झालं, निर्णयात लिहिलं जाणार की अर्जदार खोटं बोलतो. सुनावणीचं ध्वनिमुद्रण होतं आणि त्याची प्रत मागता येते. भाषांतराबद्दल शंका असेल तर ती आधी मिळवा.

चूक सापडली म्हणजे जिंकलो असंही नाही. ती झाली नसती तर निकाल वेगळा लागू शकला असता का, हे कोर्ट पाहतं. लागलाच असता असं दाखवावं लागत नाही. तशी वास्तव शक्यता होती एवढं पुरतं.

कोणत्या कोर्टात जायचं? किती दिवसांत?

फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्ट ऑफ ऑस्ट्रेलिया, डिव्हिजन २. नावात ‘फॅमिली’ आहे म्हणून गोंधळू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये दोन कोर्टं एकत्र झाली तेव्हापासून हे नाव आहे.

मुदत ३५ दिवसांची. आणि ते ३५ दिवस ट्रायब्यूनलच्या निर्णयावर जी तारीख आहे त्या तारखेपासून मोजायचे. ईमेल उघडल्यापासून नाही, पत्र हातात पडल्यापासून नाही, एजंटने फोन करून सांगितल्यापासून तर नाहीच. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या त्यातच धरल्या जातात. घर बदललं, पत्ता कळवायचा राहिला, निर्णय जुन्या पत्त्यावर गेला, यात पंधरा दिवस सहज निघून जातात.

३५ दिवस उलटून गेले. सगळं संपलं का?

संपलं नाही, अवघड झालं. ट्रायब्यूनलसारखं इथे नाही. कोर्ट मुदत वाढवू शकतं. त्यासाठी अर्जातच लिहून मागावं लागतं आणि न्यायाच्या दृष्टीने मुदत वाढवणं का आवश्यक आहे ते सांगावं लागतं. कोर्ट उशिराचं कारण पाहतं, किती उशीर झाला ते पाहतं, आणि मूळ प्रकरणात दम आहे का हेही पाहतं. आजारपण, कोठडी, एजंटने दिलेली चुकीची माहिती, जे असेल त्याचा कागद जोडा. मुदतवाढ नाकारली गेली तर त्या नकारावर नेहमीसारखं अपील करता येत नाही, म्हणून हा अर्ज घाईत दोन ओळींत उरकू नये.

खर्च किती येतो?

२०२१ मध्ये कोर्टाची अर्ज फी ६९० डॉलरवरून एकदम ३,३३० डॉलर झाली आणि त्यानंतरही वाढत गेली आहे. आर्थिक अडचण असेल तर ती कमी करून मागता येते, तसा फॉर्म असतो, अर्जासोबतच द्या. आश्रय मागणाऱ्या माणसाकडून न्यायाच्या दारात एवढे पैसे मागणं मला अन्यायाचं वाटतं आणि ते मी इथे लिहून ठेवते.

लोक विसरतात तो दुसरा खर्च. कोर्टात तुमच्या समोरची बाजू इमिग्रेशन मंत्र्यांची असते; हरलात तर मंत्र्यांच्या वकिलांचा खर्च साधारणपणे तुमच्यावर बसतो. अंतिम सुनावणीपर्यंत जाऊन हरल्यास तो काही हजार डॉलर होतो. तो सरकारचं येणं म्हणून राहतो आणि पुढे कधी ऑस्ट्रेलियाचा दुसरा व्हिसा मागितलात तर आडवा येतो.

वकील लागतोच का? माझा एजंटच केस चालवेल म्हणतो.

मायग्रेशन एजंट ट्रायब्यूनलपर्यंत मदत करू शकतो. कोर्टात तुमच्यातर्फे उभा राहू शकत नाही, तो स्वतः वकील असल्याशिवाय. एजंट ‘कोर्टाचंही मी बघतो’ म्हणत असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि नोंदणी पुस्तिकेत ऑनलाइन तपासा.

वकिलाशिवाय, स्वतःच स्वतःची बाजू मांडणारे पुष्कळ असतात. त्याला बंदी नाही. पण अधिकारमर्यादेची चूक शोधणं हे वकिलाचं काम आहे. चाळीस पानी निर्णयात ती एखाद्या परिच्छेदात असते, आणि बहुतेक वेळा अर्जदाराला ज्याचा सगळ्यात जास्त राग आलेला असतो त्या परिच्छेदात ती नसते.

मेलबर्नमध्ये असायलम सीकर रिसोर्स सेंटर आणि रेफ्युजी लीगल, सिडनीत रेफ्युजी ॲडव्हाइस अँड केसवर्क सर्व्हिस या संस्था विनामूल्य काम करतात. प्रत्येक राज्यात लीगल एड आहे. या सगळ्यांकडे रांग मोठी असते, म्हणून पहिल्याच आठवड्यात फोन करा. कोर्ट स्वतःहूनही एखाद्या अर्जदाराला विनामूल्य वकिलाकडे पाठवू शकतं. आणखी एक गोष्ट मला उपयोगी वाटते: व्हिसाच्या खटल्यात यश मिळण्याची वाजवी शक्यता आहे असं वकिलाला कोर्टात लेखी द्यावं लागतं. त्यामुळे चांगला वकील ‘नाही’ म्हणाला तर त्याचा राग धरू नका. त्याने तुमचे काही हजार डॉलर वाचवलेले असू शकतात.

कोर्टात प्रत्यक्ष काय होतं?

अर्ज आणि त्याला जोडून शपथपत्र, शपथपत्रासोबत ट्रायब्यूनलचा निर्णय. पहिली तारीख छोटी असते. पुढचं वेळापत्रक ठरतं. मग मंत्र्यांचे वकील ‘कोर्ट बुक’ तयार करून तुम्हाला देतात. त्यात तुमचा पहिला अर्ज, मुलाखती, पत्रं, सगळं क्रमाने लावलेलं असतं. ते वाचा. स्वतःच्याच प्रकरणाचे कागद एकत्र पाहण्याची अनेकांची ती पहिलीच वेळ असते.

तुमच्या समोर प्रतिवादी म्हणून दोन नावं दिसतील, मंत्री आणि ट्रायब्यूनल. ट्रायब्यूनल सहसा वादात पडत नाही. कोर्ट सांगेल ते मान्य, एवढंच कळवून बाजूला राहतं. युक्तिवाद मंत्र्यांचे वकील करतात. दुभाषी कोर्ट देतं.

मधला काळ लांब असतो. महिने नव्हे, बऱ्याच जणांची काही वर्षं जातात.

माझं नाव सगळ्यांना कळेल का?

नाही. प्रोटेक्शन व्हिसाच्या अर्जदाराचं नाव कोर्टाने प्रसिद्ध करायचं नाही असं कायद्याचं कलम आहे. त्यामुळे या खटल्यांना अक्षरं-आकडे यांची नावं असतात. वर ज्या इराणी खलाशाचं लिहिलं त्याचा खटला एसझेडबीईएल या नावाने वाचला जातो आणि त्या बांगलादेशी जोडीचा एस३९५ या नावाने. निकाल इंटरनेटवर येतो, पण गावाकडच्या कोणी तुमचं नाव टाकून शोधलं तर तो सापडणार नाही.

आता नवा पुरावा मिळाला आहे. कोर्टाला दाखवू का?

धोका सिद्ध करणारा नवा पुरावा कोर्टाला चालत नाही; ट्रायब्यूनलसमोर तेव्हा काय होतं हेच पाहिलं जातं. सुनावणी अन्याय्य झाली हे दाखवणारा पुरावा, जसं ध्वनिमुद्रणाची तपासलेली प्रत, मात्र देता येतो.

ट्रायब्यूनलच्या पायरीवरही उशिरा आलेल्या गोष्टींकडे संशयाने पाहिलं जातं. खात्यासमोर न सांगितलेला मुद्दा तिथे पहिल्यांदा काढला आणि त्याचं वाजवी कारण दिलं नाही, तर तुमच्या विश्वासार्हतेबद्दल प्रतिकूल निष्कर्ष काढावा असं कायदाच सांगतो. ज्या बाईवर अत्याचार झाला तिने ते पहिल्या मुलाखतीत परक्या पुरुष अधिकाऱ्याला सांगितलं नसेल, तर ते का सांगितलं नाही हेही लेखी मांडा. लाज, भीती, नवरा शेजारी बसला होता, ही कारणं खरी आहेत आणि ती कारणं म्हणून लिहायची असतात.

केस चालू असताना इथे राहता येईल का? काम करता येईल का?

तुम्ही बहुतेक ब्रिजिंग व्हिसावर, म्हणजे प्रकरण चालू असेपर्यंत इथे राहू देणाऱ्या तात्पुरत्या व्हिसावर असाल. ट्रायब्यूनलच्या निर्णयानंतर तो साधारण ३५ दिवसांनी संपतो. कोर्टात अर्ज केला की तो आपोआप वाढतो असं समजू नका. कोर्टातल्या प्रकरणाच्या आधारे नवा ब्रिजिंग व्हिसा मागावा लागतो, तोही जुना संपायच्या आत. संपू दिलात तर पुढे मिळणाऱ्या व्हिसावर कामाची परवानगी असेलच असं नाही आणि मधल्या काळात तुम्ही बेकायदेशीर ठरता.

या काळात देशाबाहेर जाऊ नका. आईच्या तब्येतीचा फोन येतो आणि मन धावतं, ते मला कळतं. पण जिथे धोका आहे असं तुम्ही शपथेवर सांगितलं त्याच देशात जाऊन आलात, तर प्रकरणात मग फारसं काही उरत नाही.

कोर्टात अर्ज केला की परत पाठवणं थांबतं का?

कायद्याने आपोआप थांबत नाही. पाठवणी प्रत्यक्ष समोर आली असेल तर कोर्टाकडून मनाई हुकूम मागावा लागतो. क्वीन्सलंड राज्यातल्या बिलोएला गावच्या कुटुंबाचं प्रकरण ऑस्ट्रेलियात घरोघरी माहीत आहे. श्रीलंकेतले तमिळ आईवडील प्रिया आणि नडेस, आणि क्वीन्सलंडमध्ये जन्मलेल्या त्यांच्या दोन लहान मुली. आईवडील कोर्टात हरले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये रात्री मेलबर्नहून विमान सुटलं, आणि ते हवेत असताना न्यायाधीशांनी फोनवरून मनाई हुकूम दिला. विमान डार्विनला उतरवावं लागलं. तिथून कुटुंबाला ख्रिसमस आयलंड या दूरच्या ऑस्ट्रेलियन बेटावर कोठडीत नेऊन ठेवलं.

तो हुकूम मिळाला धाकट्या मुलीमुळे, कारण तिच्या स्वतःच्या दाव्याचा प्रश्न शिल्लक होता. मुलांचा विचार स्वतंत्रपणे करून घ्या. वकिलाला हे आवर्जून विचारा.

जिंकलो तर व्हिसा मिळतो का?

लगेच नाही. कोर्ट व्हिसा देत नाही. ते ट्रायब्यूनलचा निर्णय रद्द करतं आणि प्रकरण पुन्हा तिथेच पाठवतं. तिथे नव्याने सुनावणी होते, या वेळी नवा पुरावा देता येतो, आणि निकाल पुन्हा विरोधातही जाऊ शकतो. बिलोएलाच्या धाकट्या मुलीला योग्य प्रक्रिया मिळाली नाही हे २०२१ मध्ये फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठाने मान्य केलं, पण त्या निकालाने कुटुंब घरी परतलं नाही. सरकार बदललं, जून २०२२ मध्ये ते बिलोएलाला परतले आणि ऑगस्टमध्ये कायमचे व्हिसा मिळाले ते मंत्र्यांच्या निर्णयाने.

हरलो तर पुढे काय?

फेडरल कोर्टात अपील, निकालापासून २८ दिवसांत. तिथेही तोच प्रश्न, आता पहिल्या न्यायाधीशांनी कायदा नीट लावला का असा. नवा मुद्दा काढायला परवानगी लागते. त्यानंतर हायकोर्ट, पण तिथे आधी विशेष परवानगी मागावी लागते आणि ती फार थोड्यांना मिळते.

दुसरा प्रोटेक्शन व्हिसा अर्ज करता येत नाही. एकदा नाकारल्यावर देशात असताना पुन्हा अर्ज करायला कायद्याने बंदी आहे. ती बंदी फक्त मंत्री उठवू शकतात. मंत्र्यांना हस्तक्षेपाची विनंतीही करता येते, पण विचार करायचा की नाही हे त्यांच्या मर्जीवर आहे आणि कोर्ट त्यांना भाग पाडू शकत नाही. मायदेशी परिस्थिती पालटली असेल, सत्तापालट, नवा कायदा, तर तो मार्ग खरोखर विचारात घ्यावा.

भारतातून आलेल्यांच्या अर्जांत काय वेगळं असतं?

ऑस्ट्रेलियात आल्यावर प्रोटेक्शन व्हिसा मागणाऱ्यांत भारतीय पासपोर्टवाल्यांची संख्या लक्षणीय आहे, आणि मंजुरी मात्र फार थोड्यांना मिळते. सगळे दावे खोटे असतात म्हणून असं होतं, असं मी मुळीच म्हणणार नाही. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्न केलेल्या जोडप्यांच्या जिवावर घरचेच उठतात, हे आपल्याला महाराष्ट्रात कोणी शिकवायला नको.

अडचण येते ती दोन प्रश्नांवर. एक, पोलीस आणि कोर्टं आहेत, त्यांच्याकडे का गेला नाहीत? दुसरा आणि बहुतेक वेळा निर्णायक: देशात दुसरीकडे का राहत नाही? कायद्यानुसार छळाची खरी शक्यता परत जाण्याच्या देशाच्या सर्व भागांत असावी लागते. साताऱ्यात धोका असेल, पण कोलकात्यात किंवा कोचीनला कोण शोधत येणार, असं ट्रायब्यूनल विचारतं. याचं उत्तर ‘आम्हाला तिथे भाषा येत नाही’ एवढंच असेल तर निर्वासित म्हणून दावा टिकणं कठीण. पूरक संरक्षणाच्या मापात मात्र तिथे जाऊन राहणं तुमच्यासाठी वाजवी आहे का, हे पाहिलं जातं, आणि तिथे तान्हं मूल, आजार, काम न मिळणं या गोष्टींना किंमत आहे. कोर्टात बघायचं ते हे: ट्रायब्यूनलने ही दोन मापं वेगवेगळी लावली का, की एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं?

‘प्रोटेक्शन टाका, मग ट्रायब्यूनल, मग कोर्ट, सात-आठ वर्षं आरामात काम करता येतं,’ असं एकाने सांगितलं. खरं आहे का?

हा सल्ला देणारे आहेत, आणि त्यांना विद्यार्थी व्हिसा संपत आलेली आपली मुलं बरोबर सापडतात. एका मुलाचे कागद मी पाहिले. त्याच्या नावावर कोणीतरी लिहिलेली छळाची कहाणी होती, त्याला स्वतःला ती वाचून दाखवलीही नव्हती. सही त्याची होती. ट्रायब्यूनलमध्ये त्याला त्या कहाणीतल्या गावाचं नाव सांगता आलं नाही.

असं करू नका. खोटी माहिती दिल्याचा शिक्का पुढच्या प्रत्येक अर्जावर बसतो, कोर्टाचा खर्च अंगावर येतो, आणि देशात असताना दुसऱ्या बहुतेक व्हिसांचे मार्ग बंद होतात. शिवाय त्या लांबलेल्या रांगेत तुमच्या मागे अशी माणसं उभी आहेत ज्यांना परत गेल्यावर खरोखर मारलं जाईल. त्यांची सुनावणी तेवढी लांबणीवर पडते.

तुम्ही आधीच अशा अर्जात अडकला असाल तर लाजून गप्प बसू नका. नोंदणीकृत वकिलाला खरं ते सगळं सांगा. वकिलाला सांगितलेलं गोपनीय राहतं.

आज ट्रायब्यूनलचा नकार आला. आत्ता काय करू?

निर्णयावरची तारीख पाहा, कॅलेंडरवर ३५ वा दिवस मोजा आणि तो भिंतीवर लिहून ठेवा. निर्णयाची पूर्ण प्रत, सर्व पानं, एका ठिकाणी जपा. सुनावणीचं ध्वनिमुद्रण आजच ईमेल करून मागा. ब्रिजिंग व्हिसाची तारीख तपासा. उद्या सकाळी विनामूल्य मदत करणाऱ्या संस्थेला किंवा लीगल एडला फोन लावा आणि पहिल्याच वाक्यात शेवटची तारीख सांगा; त्यावरूनच ते कोणाला आधी घ्यायचं ते ठरवतात. फोनवर इंग्रजी अडत असेल तर ‘मराठी इंटरप्रिटर’ एवढे दोन शब्द म्हणा आणि थांबा.